बोट रिकामी पाठवू नये

हिंडन नदीपासून समुद्र किती लांब आहे हे गाझियाबादेत एकाच माणसाला मान्य नव्हतं, आणि तो माणूस नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. ठाऊक नव्हतं असं नाही हं. जन्मभर सरकारच्या रस्त्यांच्या खात्यात नोकरी केलेला माणूस. कुठलं गाव कुठून किती लांब हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण मान्य नव्हतं. मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला आलं तर आलं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि नवऱ्याला म्हटलं, एवढं पाणी आणि प्यायला थेंब नाही, काय करायचंय घेऊन? असल्या बाईच्या दारासमोर देवानं हे समोरचे काका आणून ठेवले. देवालाही कधीकधी टाइमपास लागत असावा.

आमची बिल्डिंग दहा मजल्यांची. काकांनी तिची कोकणची किनारपट्टी करून टाकली होती. खालची लॉबी म्हणजे भाऊचा धक्का. पहिला मजला हर्णे, दुसरा दाभोळ, तिसरा जयगड, चौथा रत्नागिरी, असं करत करत सातवा, म्हणजे आमचा, देवगड, आणि अगदी वरती पाण्याच्या टाक्यांपाशी पणजी. पूर्वी मुंबईहून गोव्याला जाणारी बोट ज्या बंदरांत थांबायची तीच ही बंदरं, त्याच ओळीनं. लिफ्टमध्ये शिरलं की काका बटणाकडे न बघता म्हणायचे, "देवगड द्या हो एक." नव्या माणसाची पंचाईत व्हायची. गेटवरचा बिहारी गार्ड मात्र तयार झाला होता. "अंकल, कुरियरवाला रत्नागिरी गया है, उसके बाद देवगड आएगा," असं तो बिनचूक सांगायचा. आठव्या मजल्यावर एक पंजाबी आंटी राहतात. त्या आमच्या घरात आजतागायत मालवणवाल्या आंटी आहेत. माझ्या मुलीनं शाळेत भूगोलाच्या पेपरात मालवण देवगडच्या वर दाखवलं आणि मार्क गमावले, तेव्हा मी काकांना चांगलं फैलावर घेतलं. काका शांतपणे म्हणाले, "चूक तिची नाही. बिल्डिंग उलटी बांधली आहे."

दिल्लीच्या थंडीत धुकं पडलं की इथली माणसं वैतागतात, विमानं अडकतात, गाड्या आठ-आठ तास लेट होतात. काकांना मात्र तेव्हा आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. मंकी कॅप घालून, शाल गुंडाळून ते बाल्कनीत उभे. समोरचा टॉवर दिसत नाही, खालचं पार्किंग दिसत नाही, सगळं पांढरं. "आता सांगा," मला म्हणायचे, "समोर समुद्र नाही असं छातीठोक सांगता येईल का?" मी म्हणायचे, "काका, समोर शर्मांचं गीझर आहे, आत व्हा, न्यूमोनिया होईल." "कॅप्टन आज हळू चालवणार," ते स्वतःशीच म्हणायचे. "भोंगा देत देत येणार." आणि खोकायचे. खोकला तेव्हापासूनच होता.

बोटीचा मूळ इतिहास त्यांनी आम्हाला सांगितला तो अशाच एका थंडीत, लिफ्टमध्ये. मी भाजी घेऊन येत होते, काका दूध घेऊन, मालवणवाल्या आंटी कुठल्यातरी लग्नाला जाऊन. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे लाइट गेली आणि लिफ्ट थांबली. अंधार. आंटी "वाहेगुरू, वाहेगुरू" करायला लागल्या. मी अलार्मचं बटण शोधतेय, आणि अंधारात हा माणूस काय म्हणावा? "बरोब्बर! इथेच. विजयदुर्ग आणि देवगडच्या मधे. आमचं बंदर आलं!"

आंटी म्हणाल्या, "भाईसाहब, बंदर छोड़ो, गार्ड को फ़ोन करो." त्यांना वाटलं लिफ्टमध्ये माकड शिरलंय. मी गार्डला फोन लावला, तो म्हणाला जनरेटरवाला चहा प्यायला गेलाय. मग काय, सापडलो तावडीत.

काका सांगायला लागले. आमची खाडी लहान, म्हणाले. बोट सुरू झाली तेव्हा ती मोठ्या बंदरांना थांबायची, आमच्या गावासमोरून मात्र लांबूनच धूर सोडत निघून जायची. मुंबईला जायचं तर डोक्यावर बोचकी घेऊन उघड्या कातळावरून विजयदुर्गापर्यंत दिवसभर चालायचं. अशी वर्षं गेली. मग एका शिमग्याला गावात भांडण झालं. होळी पेटवायचा मान कोणाचा, वरच्या वाडीचा की खालच्या वाडीचा? कोकणात मानापानावरून माणसं भावाचं तोंड बघत नाहीत, हे आम्हाला त्यांनी अभिमानानं सांगितलं. तर त्या वर्षी खालची वाडी म्हणाली, तुमची होळी तुम्हाला लखलाभ, आम्ही आमची वेगळी घालतो. आणि घातली कुठे, तर खाडीच्या तोंडाशी टेकाडावर, वरच्या वाडीच्या नाकावर टिच्चून, सगळ्यांना दिसेल अशी. आंब्याचं अख्खं वठलेलं झाड घातलं, सुकं गवत घातलं. जाळ असा चढला की म्हणतात रात्रीचा दिवस झाला. नेमकी तेव्हाच समोरून बोट चालली होती. बोटीवरच्या लोकांना वाटलं, किनाऱ्यावर उतारू आहेत, खूण करतायत. बोट थांबली. नांगर टाकला. आणि भोंगा दिला.

"मग?" मी म्हटलं. अंधारात दुसरं करणार तरी काय.

"मग काय, गावाची बोबडी वळली. पालखी थांबली, ढोल थांबले. बोट आमच्या दारात! पडाव लोटला पाण्यात." पडाव म्हणजे किनाऱ्यावरून बोटीपर्यंत माणसं नेणारी मोठी होडी, बोट आत येऊ शकत नाही, ती खोल पाण्यात उभी राहते. "पडावात चढली माणसं, कशाला ते कोणालाच ठाऊक नाही. बोटीजवळ गेले. वरून विचारलं, कोण जाणार? कोणीच जाणार नव्हतं. अहो, होळी घातली होती! पडावाचा तांडेल म्हातारा होता. तो म्हणाला, दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आपली रीत. बोट रिकामी पाठवू नये. कोणीतरी जा."

"और कोई चला गया?" आंटींनी विचारलं. मराठी त्यांना काही कळत नाही, पण गोष्ट कुठे आलीय हे कळतंच.

"माझे पणजोबा," काका हिंदीत म्हणाले, "मेरे परदादा. वो तो सिर्फ़ देखने गए थे." शिमग्याचं सोंग घेतलेलं, तोंडाला रंग, अंगावर बायकोचं लुगडं, पायात चाळ. तसेच चढले बोटीवर. मुंबईच्या धक्क्यावर सकाळी उतरले ते चाळ वाजवत. गिरणीत लागले. पुढच्या शिमग्याला परत आले, त्याच बोटीनं. कारण त्या वर्षीही टेकाडावर जाळ केला होता, आणि बोट थांबली होती. मग ती दर शिमग्याला थांबायला लागली, मग दर खेपेला. आमचं बंदर असं सुरू झालं. आणि दर शिमग्याला पहिल्या बोटीवर गावातलं कोणीतरी चढवायचंच, ही रीत पडली. कोणाला काम असो नसो. एका वर्षी कोण मिळेना तर देवळातल्या गुरवाला घातलं.

मी म्हटलं, "काका, थापा मारताय."

"थाप असती तर मी गाझियाबादेत कशाला असतो?" काका म्हणाले. "मलाही असंच घातलं. मॅट्रिक झालो होतो, नोकरी नव्हती, जायची इच्छाही नव्हती. त्या वर्षी दुसरं कोणी नव्हतं. वडील म्हणाले, चढ." मग म्हणाले, "आमचं गाव दुष्काळानं ओस पडलं नाही, की रोगानं नाही. बोट रिकामी पाठवायची नाही म्हणून एकेक करून सगळे चढलो. पाहुणचारापायी गाव रिकामं झालं, बघा."

तेवढ्यात लाइट आली. आंटी सातव्यावर आमच्याबरोबरच उतरल्या, आणि एक जिना चढून घरी गेल्या. वर पोचल्यावर त्यांनी ओरडून विचारलं, "भाईसाहब, परदादी ने साड़ी वापस ली?" काकांनी सांगितलं, घेतली, पण त्याआधी वर्षभर बोलली नाही.

हे झालं एक. पण त्यांचा भोंगा! त्यावरून सोसायटीच्या कमिटीनं मीटिंग घेतली होती. रोज संध्याकाळी, चहाच्या वेळी, काका बाल्कनीत यायचे, तुपाचा मोकळा डबा तोंडाला लावायचे आणि पोटातून असा आवाज काढायचे की पार्किंगमधली कुत्री माना वर करून त्यांना साथ द्यायची. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा लांबलचक. सेक्रेटरी म्हणाले, "अंकलजी, ये क्या है? लोगों को डिस्टर्ब होता है यार." काका म्हणाले, "बोट है." सेक्रेटरी त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि मग माझ्याकडे बघायला लागले, जणू काही मी मराठी म्हणजे बोट माझीच. त्या मीटिंगमध्ये मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, तुमच्या जागरणाचे लाउडस्पीकर आम्ही रात्रभर ऐकतो, तुम्ही दोन मिनिटं बोट ऐका. बिल्कुल बंद नाही होणार." कारण तो भोंगा कोणासाठी होता हे मला तोवर कळलेलं होतं.

तो काकूंसाठी होता. काकू त्यांच्याच खाडीपलीकडच्या गावच्या. लग्न होऊन आल्या त्या पडावातून, दिल्लीला आल्या त्या बोटीनं मुंबई आणि मग गाडीनं. चाळीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, दिल्लीच्या पोरांना घावणे खायला घातले, हिंदी इतकी फाडफाड बोलायच्या की भाजीवाले घाबरायचे. मग हळूहळू एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी गॅस बंद करायचा राहिला, मग शेजाऱ्यांची नावं, मग हिंदी गेली, मग पुण्या-मुंबईचं मराठी गेलं. राहिली ती माहेरची मालवणी आणि बोट. रोज संध्याकाळी त्या बरी साडी नेसून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसायच्या. पिशवीत एक कंगवा, एक पातळ, आणि एक नारळ, बोटीवर चढताना समुद्राला द्यायला. "बोट इली काय?" एवढंच विचारायच्या. नाही म्हटलं की उठून दाराकडे जायच्या. एकदा काका अंघोळीला गेले असताना निघूनच गेल्या. सगळी सोसायटी शोधायला बाहेर पडली. शेवटी एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. हिंडनच्या पुलावर उभ्या होत्या म्हणाला, खाली त्या काळ्या पाण्याकडे बघत. नाक दाबून लोक जातात तिथून. काकू मला म्हणाल्या, "पाणी ह्या नव्हा गो."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी भोंगा सुरू केला. भोंगा ऐकला की काकूंचा चेहरा निवायचा. "इली," म्हणायच्या. मग काका आत जाऊन त्यांच्याजवळ बसायचे आणि सांगायचे, "बोट आली, पण आज वारा फार आहे. पडाव लागत नाही. उद्या जाऊ." काकूंना ते पटायचं. खाडीकाठच्या माणसाला वारा कळतो. मग त्या पिशवी मांडीवर तशीच ठेवून दोन घास जेवायच्या. रोज. पावसाळ्यात काका सांगायचे, सीझन बंद आहे, आणि तेही पटायचं. नारळ जुना झाला की काका गुपचूप नवा ठेवायचे आणि जुन्याची चटणी आमच्याकडे यायची. आम्ही खूप चटण्या खाल्ल्या.

मी त्यांना सांगितलं होतं, "काका, अहो, रेल्वे आहे, विमान आहे, घेऊन जा ना एकदा गावाला." माझं बोलणं म्हणजे सरळसोट, सोलापुरी. तेव्हा ते म्हणाले, "नेलं होतं." आदल्या वर्षी नेलं होतं रेल्वेनं. स्टेशनवर उतरले, जीप केली, घराच्या दारात नेऊन उभं केलं. काकू म्हणाल्या, "ह्या माझा गाव नाय." दोन दिवस हेच. रडल्या, कोणाच्या तरी परक्याच्या घरी आणून टाकलं म्हणाल्या, जेवल्या नाहीत. कारण त्यांच्या लेखी गाव मागच्या बाजूनं येतच नव्हतं. गाव समोरून यायचं. आधी टेकाड दिसायचं, मग माड, मग भोंगा, मग पडाव, मग कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली माणसं, आणि पाय ओले झाले की आलं गाव. "मीच तो रस्ता मंजूर केलेल्यांतला," काका म्हणाले. "तिकडचे रस्ते झाले, गाड्या झाल्या, बोट बंद पडली. फायलीवर माझी सही असेल कुठेतरी. तेव्हा वाटलं, गावाचं भलं करतोय. झालंही भलं. पण हिला परत न्यायची वाट मीच बुजवून बसलो ना."

एवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं: काकूंना बोटीनं न्यायचं, ती बोटही विसरायच्या आत.

आणि मग बातमी आली. मुंबईहून कोकणात पुन्हा बोट सुरू होणार. माझ्या मुलीनं फोनवर दाखवली, तर काका तो फोन हातातून सोडेचनात. पेढे वाटले हो! गार्डला, मालवणवाल्या आंटींना, कमिटीच्या सेक्रेटरीला सुद्धा. "आपके यहाँ पोता हुआ?" "नहीं, बोट हुई." नवी बोट त्यांच्या खाडीत अर्थातच थांबणार नव्हती. पण विजयदुर्गाला तर जाणार होती! तिथून मच्छीमाराची होडी करायची, किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, आणि टेकाडाला वळसा घालून खाडीत शिरायचं. गावाकडे राहिलेल्या पुतण्याला सांगून टेकाडावर जाळ करायचा. दोन माणसं पाण्यात उभी करायची. सगळं ठरलं. चांदणी चौकात जाऊन त्यांनी एक धोतर आणलं. मी म्हटलं, "जन्मभर पँटीत वावरलात, आता धोतर कशाला?" तर म्हणे, "पडावातून उतरताना पँट भिजते. धोतर खोचता येतं. आणि तिनं मला पहिल्यांदा पाहिलं ते धोतरात." हे म्हणताना त्र्याऐंशी वर्षांचा माणूस लाजला.

मग सुरू झाली रंगीत तालीम. काकूंना होडीत चढायची सवय राहिली नव्हती, गुडघे धरलेले. तेव्हा रोज सकाळी सोसायटीच्या कोरड्या स्विमिंग पूलच्या पायऱ्यांवर काका खाली उभे आणि काकू वर. "हं, माझ्या खांद्यावर हात. लाट आली, थांब. आता टाक पाय." काकू खरोखरच लाटेला थांबायच्या. माळी पाइप घेऊन बघत उभा राहायचा. एकदा सेक्रेटरी तिथून जात होते. मला वाटलं, झालं, आता ओरडणार. त्यांनी बूट काढले, पायऱ्या उतरून खाली गेले आणि काकूंचा दुसरा हात धरला. त्या दिवसापासून मी त्यांना नावं ठेवायचं सोडलं. निदान कमी केलं.

पण बोट काही सुटेना. गणपतीला सुटणार होती, मग म्हणाले हवामान ठीक नाही. मग दसरा. मग दिवाळी. प्रत्येक तारखेला काका बॅग भरायचे, प्रत्येक तारीख पुढे जायची, मग बॅग रिकामी करायचे, धोतर परत घडी करून कपाटात. मी चिडायचे, "काय मेलं लावलंय, एकदाचं होय तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा!" काका मात्र चिडायचे नाहीत. "बोटीचं असंच असतं," म्हणायचे. "धक्क्यावर बसून राहायचं. येते." दिवाळीनंतर इथली हवा बिघडते ती बिघडलीच. सगळं शहर धुरात. त्यांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टर म्हणाले, बाल्कनीत अजिबात जायचं नाही. काका संध्याकाळी जायचेच. डबा तोंडाला लावायचे, दोन भोंगे व्हायचे, तिसऱ्याला श्वास पुरायचा नाही. मी माझ्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तिसऱ्याची वाट बघत थांबायचे.

माघात त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. मी भेटायला गेले तर नाकाला नळी, आणि तरी म्हणतात, "कुठला मजला हा?" मी म्हटलं, "चौथा." "रत्नागिरी," म्हणाले. "म्हणजे अजून लांब आहे." मग माझा हात धरला. कधी धरला नव्हता. "ती जेवली का?" मी खोटं बोलले, हो म्हटलं. परत घरी आलेच नाहीत काका.

बंगलोरहून त्यांचा मुलगा आला. सरळ, कमी बोलणारा मुलगा. वडिलांना नेण्याआधी त्यानं कपाट उघडलं, आणि ते कोरं धोतर बघून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेच नेसवलं.

काकूंना सांगितलं. त्या ऐकून खूप रडल्या. पण दुपारी पुन्हा विचारलं, "हे खंय गेले?" मुलानं पुन्हा सांगितलं, तर पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. तिसऱ्यांदा सांगायला त्याची जीभ उचलेना. एका बाईला किती वेळा विधवा करायचं? मग आम्ही बाहेर गेलेत, येतील, असं सांगायला लागलो. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन बसायच्या. मुलानं डबा तोंडाला लावला, पण नुसतीच फुंकर निघाली. माझ्या नवऱ्यानं प्रयत्न केला. शेवटी मी केला, लाज सोडून, बाल्कनीत उभी राहून. खालून कुत्र्यांनी साथ पण दिली. काकूंनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "ही आमची बोट नाय." आणि जेवण बंद. मुलगा त्यांना बंगलोरला न्यायचं म्हणत होता. पण जी बाई घास घेत नाही, उठून सारखी दाराकडे जाते, तिला विमानात कशी घालणार? डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. मी वाटीत पेज घेऊन तासन्‌तास बसायचे. त्या माझा हात बाजूला करायच्या, रागानं नाही, अगदी हळू.

असे दिवस चालले असताना होळी आली. सुतक म्हणून त्यांचं दार बंद, मीही काही केलं नव्हतं. खाली मैदानात सोसायटीची होळी रचली होती. मी संध्याकाळी पेज घेऊन गेले तेव्हा काकू खुर्चीत, पिशवी मांडीवर, मुलगा बाजूला मोबाइलकडे न बघता बघत बसलेला. खाली ढोल वाजले आणि होळी पेटली. जाळ एकदम वर चढला, आमच्या सातव्या मजल्यावरच्या भिंतीवर तांबडं तांबडं हललं.

काकू उठल्या. बाल्कनीत गेल्या, कठडा धरून खाली बघितलं. आम्ही दोघं मागे धावलो.

"जाळ केलो," काकू म्हणाल्या. आवाज किती दिवसांनी असा ठणठणीत. "आता बोट थांबतली." मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, जसं घरातल्या मोठ्या बाईनं बघावं तसं. "कोण जातलो?"

मुलानं माझ्याकडे बघितलं.

काकूंची नजर घरात फिरली. काकांची खुर्ची, खुंटीवरची मंकी कॅप, तुपाचा डबा. मग त्यांनी मला विचारलं, "हे गेले?"

खोटं बोलायचं ठरलं होतं आमचं. पण ते होईना. "हो काकू," मी म्हटलं. "गेले."

"धोतर नेसलेले?"

"नेसलेले," मुलगा म्हणाला. "नवा."

काकू थोडा वेळ जाळाकडे बघत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला वाटलं आता विसरल्या, आता पुन्हा पहिल्यापासून. पण नाही. "बरा झाला," म्हणाल्या. "रिकामी नाय धाडली."

मग खुर्चीत येऊन बसल्या. पिशवीत हात घालून नारळ काढला आणि मुलाच्या हातात दिला. "ह्यो होळयेत घाल." तो डोळे पुसत जिन्यानं धावतच गेला, लिफ्टची वाट न बघता. काकूंनी ती पिशवी मांडीवरून उचलून खाली जमिनीवर ठेवली. मी इतक्या वर्षांत ती पिशवी संध्याकाळची जमिनीवर बघितली नव्हती.

"वाढ गो," मला म्हणाल्या. "भूक लागली."